लिंकन घराण्याचा माग: मृत्युपत्रं, खरेदीखतं आणि पाइडी नावाची कालवड

1848 साली अब्राहम लिंकन अमेरिकी काँग्रेसचे सदस्य म्हणून वॉशिंग्टनमध्ये होते. तेव्हा त्यांनी आपल्याच आडनावाच्या दोन माणसांशी पत्रव्यवहार केला. एक मॅसॅच्युसेट्समधल्या हिंगहॅमचे सॉलोमन लिंकन, दुसरे व्हर्जिनियातल्या रॉकिंगहॅम काउंटीचे डेव्हिड लिंकन. आपले पूर्वज नेमके कुठले, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. आजोबांचं नाव अब्राहम, ते व्हर्जिनियातून केंटकीला आले आणि तिथे मूळ अमेरिकी हल्लेखोरांच्या हातून मारले गेले, त्याआधी घराणं पेनसिल्व्हेनियाच्या बर्क्स काउंटीत होतं आणि क्वेकर पंथाचं होतं, इतकंच त्यांना ऐकून माहीत होतं. न्यू इंग्लंडमधल्या लिंकन मंडळींशी काही नातं लागतं का, याचा शोध घेतल्यावर दोन्ही घरांत मॉर्डेकाय, सॉलोमन, अब्राहम अशी सारखी नावं सापडतात, यापलीकडे काही हाती आलं नाही, असं त्यांनी 1859 मध्ये लिहून ठेवलं.

त्यांच्या हयातीत न जुळलेलं हे नातं पुढच्या अभ्यासकांनी जुळवलं. कुठली बखर किंवा वंशवृक्ष त्यांना मिळाला नव्हता. काउंटी कचेऱ्यांतली मृत्युपत्रं, खरेदीखतं, मोजणीचे कागद, करपत्रकं आणि लग्नाची जामीनखतं यांवरूनच ते उभं राहिलं. सरहद्दीवर राहणाऱ्या, फारसं न लिहिणाऱ्या आणि दर पिढीला जागा बदलणाऱ्या कुटुंबाचा माग कसा काढतात, हे समजून घ्यायला लिंकन घराण्याइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं दिसत नाही.

1736: पोटातल्या मुलाचाही वाटा

घराण्याचा अमेरिकेतला पहिला पुरुष सॅम्युअल लिंकन. तो 1637 मध्ये इंग्लंडच्या नॉरफॉक परगण्यातून मॅसॅच्युसेट्सला आला आणि हिंगहॅममध्ये स्थिरावला. त्याचा नातू मॉर्डेकाय न्यू जर्सीमार्गे पेनसिल्व्हेनियात गेला, लोखंडाच्या भट्टीच्या धंद्यात शिरला आणि मे 1736 मध्ये वारला.

मॉर्डेकायचं मृत्युपत्र 22 फेब्रुवारीचं आहे, पण वर्ष 1735 की 1736? इंग्रजी वसाहतींत 1752 पर्यंत कायदेशीर वर्ष 25 मार्चला सुरू होत असे. म्हणून जानेवारी ते मार्चमधल्या तारखांना जुनं आणि नवं अशी दोन्ही वर्षं लिहिली जात. ही पद्धत माहीत नसेल तर मृत्युपत्र आणि मृत्यू यांच्यात वर्षभराचं अंतर पडतं. प्रत्यक्षात ते तीनेक महिन्यांचंच होतं.

मजकूर त्याहून मोलाचा आहे. घराभोवतालची जमीन दुसऱ्या पत्नीपासूनच्या मॉर्डेकाय आणि थॉमस या मुलांना द्यावी, आणि पत्नी मेरी गरोदर असेल व मुलगा झाला तर त्याच जमिनीचे तीन सारखे भाग करावेत, असं त्यात लिहिलं आहे. मुलगा झाला. त्याचं नाव अब्राहम ठेवलं, आणि पुढे त्याने प्रसिद्ध सरहद्दवीर डॅनिएल बून याच्या चुलतबहिणीशी, ॲन बूनशी लग्न केलं. पहिल्या पत्नीचा मुलगा जॉन मात्र या घरच्या जमिनीत कुठेच नाही. त्याला दूर न्यू जर्सीतली 300 एकर जमीन मिळाली. जॉनने ती 1748 मध्ये विकली. न्यू जर्सीतली ती जमीन बापाच्या मृत्युपत्रात आणि मुलाच्या विक्रीखतातही असल्यामुळे पेनसिल्व्हेनियातला जॉन हा हिंगहॅमहून आलेल्या घराण्याचाच मुलगा, हे पक्कं झालं. लिंकन यांना नुसत्या नावांच्या सारखेपणावर थांबावं लागलं होतं. या 300 एकरांनी त्यापुढची वाट दाखवली.

आणखी एक बारकावा. बर्क्स काउंटी 1752 मध्ये स्थापन झाली. 1736 मध्ये तो भाग फिलाडेल्फिया काउंटीत होता. म्हणजे बर्क्सच्या कचेरीत हे मृत्युपत्र कितीही शोधलं तरी सापडणार नाही.

लिनव्हिल क्रीकवरची खतं

जॉन 1768 च्या सुमारास व्हर्जिनियाच्या शेनांडोआ खोऱ्यात आला आणि लिनव्हिल नावाच्या ओढ्याकाठी त्याने 600 एकर जमीन घेतली. तेव्हा ती ऑगस्टा काउंटी होती. 1778 मध्ये तिच्यातून रॉकिंगहॅम वेगळी झाली. 1773 मध्ये जॉनने आपला मुलगा अब्राहम याच्या नावे 210 एकर करून दिले. हा अब्राहम म्हणजे राष्ट्राध्यक्षांचे आजोबा. पुढे ते स्थानिक सैन्यदलात कॅप्टन झाले, म्हणून अभ्यासक त्यांना कॅप्टन अब्राहम म्हणतात.

फेब्रुवारी 1780 मध्ये कॅप्टन अब्राहमने व्हर्जिनियातली आपली जमीन, एकूण 250 एकर, 5,000 पौंडांना विकली. आकडा पाहून माणूस गर्भश्रीमंत वाटतो. पण स्वातंत्र्ययुद्धाच्या त्या वर्षांत व्हर्जिनियाच्या कागदी चलनाचं मोल पार घसरलं होतं. सरहद्दीवरच्या खतांत रक्कम वाचताना आधी वर्ष पाहावं आणि चलन कोणतं ते पाहावं. श्रीमंतीविषयीचे तर्क त्यानंतर.

या विक्रीला दुसरा एक कागद जोडलेला आहे, आणि मला तो पहिल्याहून महत्त्वाचा वाटतो. नवऱ्याच्या जमिनीत पत्नीला विधवा झाल्यावर एक तृतीयांशाचा आजन्म हक्क असे. त्यामुळे जमीन विकताना तिने स्वतंत्रपणे, नवऱ्याच्या गैरहजेरीत विचारल्यावर, हा हक्क सोडल्याचं सांगावं लागे. अब्राहमची पत्नी बाथशीबा प्रवास करून कोर्टात येऊ शकत नव्हती, म्हणून कोर्टाने आपली माणसं तिच्याकडे पाठवली. हे झालं सप्टेंबर 1781 मध्ये. नवऱ्याने केंटकीचे मनसुबे आधीच केले असले तरी बायकोमुलं 1781 च्या शरद ऋतूपर्यंत व्हर्जिनियातच होती, हे या एका नोंदीवरून कळतं. त्या काळच्या स्त्रिया कागदांत फार थोड्या ठिकाणी दिसतात. हक्कसोडीची नोंद ही त्यांतली सर्वांत भरवशाची जागा.

रॉकिंगहॅमच्या दप्तराचा मोठा भाग जून 1864 मध्ये यादवी युद्धात जळाला. कचेरीतली पुस्तकं गाडीतून सुरक्षित जागी नेत असताना ती गाडी केंद्र सरकारच्या सैन्याच्या हाती सापडली. आज काही पानं कडा जळालेल्या अवस्थेत वाचावी लागतात.

केंटकीतला ‘लिंकहॉर्न’

केंटकी त्या वेळी व्हर्जिनियाचाच भाग होती. तिथली जमीन मिळवायच्या चार पायऱ्या होत्या. आधी सरकारी तिजोरीत पैसे भरून इतक्या एकरांचं वॉरंट घ्यायचं. मग कोणती जमीन हवी त्याची नोंद मोजणीदाराकडे करायची. त्यानंतर मोजणी, आणि शेवटी राज्यपालांच्या सहीची सनद. प्रत्येक पायरीचा वेगळा कागद, आणि मध्ये कित्येकदा वर्षांचं अंतर.

4 मार्च 1780 रोजी 160 पौंड भरून 400 एकरांचं वॉरंट घेणाऱ्याचं नाव ‘अब्राहम लिंकहॉर्न’ असं लिहिलं आहे. लिहिणाऱ्या कारकुनाने कानावर पडलं तसं उतरवलं. ही जमीन जेफरसन काउंटीतल्या लाँग रन ओढ्याकाठची. तिची मोजणी 7 मे 1785 रोजी झाली. मोजणीच्या कागदावर साखळी धरणाऱ्यांची नावं असत. त्यांत लिंकन आडनावाचे दोघे आहेत आणि खुणा करणारा म्हणून खुद्द अब्राहम लिंकन आहे. साखळी धरायला बहुधा घरातली नाहीतर शेजारची माणसं घेत, म्हणून नातेवाइकांचा शोध घेणारा माणूस या छोट्या नावांवरून नजर फिरवून पुढे जात नाही.

याच कागदाने एक तारीखही दुरुस्त केली. आजोबा 1784 च्या सुमारास मारले गेले, असं राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी 1860 मध्ये लिहिलं होतं. पण मे 1785 मध्ये आजोबा जंगलात झाडांवर खुणा करत होते. मृत्यू आता मे 1786 मधला धरला जातो. दोन वर्षांचा हा फरक क्षुल्लक वाटेल, पण सगळं घर उलटंपालटं झालं ते याच फरकाच्या आसपास.

मृत्युपत्र नाही, पण यादी आहे

कॅप्टन अब्राहम शेतात काम करत असताना गोळी लागून मरण पावले. धाकटा मुलगा थॉमस (राष्ट्राध्यक्षांचे वडील) तिथेच होता. थोरला मॉर्डेकाय घराकडे धावला, त्याने बंदूक घेतली आणि थॉमसला उचलायला आलेल्या हल्लेखोराला टिपलं. ही गोष्ट घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. मृत्युपत्र अर्थातच नव्हतं.

मृत्युपत्र नसेल तर मालमत्तेची वाटणी कायद्याने होते, म्हणून त्या दिवशी कोणता कायदा लागू होता ते पाहावंच लागतं. व्हर्जिनियात जुन्या इंग्रजी रिवाजाप्रमाणे सगळी जमीन थोरल्या मुलाला जात असे. हा रिवाज मोडून सर्व मुलांना सारखा वाटा देणारा कायदा 1785 मध्ये झाला, पण त्याची अंमलबजावणी 1 जानेवारी 1787 पासून होती. अब्राहम गेले मे 1786 मध्ये, कायदा लागू होण्याच्या जेमतेम सात-आठ महिने आधी. जमीन थोरल्या मॉर्डेकायला गेली. नंतरच्या दाव्यांत तो बापाचा कायदेशीर वारस म्हणून उभा राहतो. जोसाया आणि थॉमस हे धाकटे भाऊ आणि मेरी व नॅन्सी या बहिणी यांच्या वाट्याला जमिनीतलं काही आलं नाही. थॉमस लहानपणापासून मजुरी करत का फिरला, याचं उत्तर बरेच चरित्रकार त्याच्या स्वभावात शोधत बसले. मला ते या तारखांत दिसतं.

जंगम मालमत्तेची व्यवस्था नेल्सन काउंटीच्या कोर्टाने 1788 मध्ये कारभारी नेमून केली आणि मोजदाद 1789 मध्ये नोंदवली गेली. यादीत घोडे, वासरांसह गाई, नांगर, खुरपणीच्या कुदळी, सूत कातायचा चरखा, इस्त्र्या, डझनभर कथलाच्या थाळ्या, गिरमिटं, करवत, बंदुका आणि पिसांच्या गाद्या आहेत. एकूण किंमत 68 पौंड 16 शिलिंग 6 पेन्स. लाकूडकामाची हत्यारं विशेष लक्षात घ्यावीत, कारण थॉमस पुढे सुतारकाम करू लागला. त्यात कातडी कमावायची हत्यारंही आहेत. एकाच घराला किती धंदे हाताशी ठेवावे लागत, हे या यादीतून जितकं स्पष्ट कळतं तितकं कुठल्याही वर्णनातून कळलं नसतं. सरहद्दीवर राहणाऱ्या माणसाचा संसार पाहायचा असेल तर मृत्युपत्रापेक्षा मोजदादीची यादी आधी वाचावी, असं माझं मत आहे.

थॉमस आणि करपत्रकं

केंटकीची 1790 आणि 1800 ची जनगणना पत्रकं आज अस्तित्वात नाहीत. ती पोकळी करपत्रकांनी भरून निघते. 21 वर्षांवरील पुरुषाचं नाव, 16 वर्षांवरील मुलांची संख्या, घोडे, जमीन आणि ती कुठल्या ओढ्याकाठी, हे त्यांत दरवर्षी लिहिलं जाई. एखादं नाव पहिल्यांदा दिसलं की तो मुलगा सज्ञान झाला असावा, आणि नाहीसं झालं की तो मेला किंवा निघून गेला. ओढ्याच्या नावामुळे एकाच नावाची दोन माणसं वेगळी काढता येतात. इथे ती गरज होतीच. थॉमसचा त्याच नावाचा एक काका लेक्सिंग्टनजवळ फेयेट काउंटीत राहत होता.

थॉमसने 1803 मध्ये हार्डिन काउंटीत मिल क्रीकवर 238 एकरांचं शेत 118 पौंडांना घेतलं. 1808 मध्ये नोलिन ओढ्याजवळचं सिंकिंग स्प्रिंग शेत घेतलं. 12 फेब्रुवारी 1809 रोजी अब्राहमचा जन्म तिथेच झाला. 1811 मध्ये नॉब क्रीकला बिऱ्हाड हललं. प्रत्येक ठिकाणी मालकीहक्काचा घोळ. झाडं, दगड आणि ओढ्याची वळणं या खुणांवर मोजलेल्या जमिनींच्या हद्दी एकमेकींवर चढत, आणि एकाच तुकड्यावर दोन-तीन सनदा निघत. नॉब क्रीकवरून हुसकावून लावण्याचा दावा थॉमसवर आणि त्याच्या शेजाऱ्यांवर झाला. 1816 च्या अखेरीस कुटुंब इंडियानाला गेलं. तिथे केंद्र सरकारने चौकोनी आखणी करून जमिनी विकायला काढल्या होत्या आणि हक्क पक्का मिळत होता. वडिलांनी केंटकी सोडली ती काही अंशी गुलामगिरीमुळे, पण मुख्यतः जमिनीच्या हक्काच्या अडचणींमुळे, असं लिंकन यांनीच सांगितलं आहे. काउंटीचे कागद त्याला पूर्ण दुजोरा देतात.

लग्नाचं जामीनखत

लिंकन राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले तेव्हा त्यांच्या आईवडिलांचं लग्न झालंच नव्हतं, अशी कुजबूज विरोधकांनी पसरवली. हार्डिन काउंटीत शोध घेतला तर थॉमसच्या दुसऱ्या लग्नाची, सारा बुश जॉन्स्टन हिच्याशी 1819 मध्ये झालेल्या विवाहाची, नोंद मिळे. नॅन्सी हँक्सबरोबरच्या लग्नाची मिळत नसे. बदनामीला हे पुरेसं होतं.

नोंद होती शेजारच्या वॉशिंग्टन काउंटीत. लग्न वधूच्या घराकडे होत असे, आणि नॅन्सी तेव्हा तिथल्या बेरी कुटुंबात राहत होती. 10 जून 1806 च्या 50 पौंडांच्या जामीनखतावर थॉमस लिंकन आणि रिचर्ड बेरी यांच्या सह्या आहेत. ही रक्कम कुणी मोजून देत नसे. लग्नात कायदेशीर अडथळा निघाला तर तेवढा दंड भरू, अशी ती हमी. पण जामीनखत म्हणजे लग्न नव्हे. ते झाल्याचा पुरावा वेगळा, धर्मोपदेशकाने कोर्टाला पाठवलेली यादी. जेसी हेड या मेथडिस्ट उपदेशकाच्या यादीत 12 जून 1806 रोजी हा विवाह लावल्याची नोंद आहे. थोरली मुलगी सारा फेब्रुवारी 1807 मध्ये जन्मली. हे कागद उजेडात आले तेव्हा लिंकन हयात नव्हते. आईच्या नावावरचा डाग पुसणारा कागद त्यांना पाहायला मिळाला नाही, याची मला फार हळहळ वाटते.

जोसेफ हँक्सचं मृत्युपत्र

नॅन्सीचे आईवडील कोण, हा या सगळ्यातला सर्वांत अवघड प्रश्न, आणि तो अवघड झाला एका सुंदर मृत्युपत्रामुळे. जोसेफ हँक्सने 9 जानेवारी 1793 रोजी ते केलं. त्याच वर्षी मे महिन्यात नेल्सन काउंटीच्या कोर्टात ते सिद्ध झालं. पाच मुलांना एकेक घोडा नावासह दिला आहे आणि सर्वांत धाकट्या जोसेफला जमीनही. एलिझाबेथ, पॉली आणि नॅन्सी या तीन मुलींना वर्षा-वर्षाच्या कालवडी. नॅन्सीच्या वाट्याची कालवड पाइडी. पत्नीला हयातभर सगळ्याचा उपभोग.

1899 मध्ये कॅरोलाइन हँक्स हिचकॉक यांनी या मृत्युपत्राच्या आधाराने पुस्तक लिहिलं आणि पाइडी मिळालेली मुलगी हीच लिंकन यांची आई, असं जाहीर केलं. वाचकांना ते पटलंही. जोसेफची मुलगी नॅन्सी होती यात शंका नाही. पण हँक्स घराण्यात नॅन्सी नावाच्या एकीहून अधिक स्त्रिया होत्या. विल्यम बार्टन यांनी 1920 च्या दशकात काउंटी दप्तरं धुंडाळून दाखवलं, की कालवड मिळालेली नॅन्सी ही लिंकन यांच्या आईची मावशी होती, आणि आई ही जोसेफची दुसरी मुलगी लूसी हिला लग्नाआधी झालेली मुलगी. लूसीचं नाव मर्सर काउंटीच्या कागदांत येतं. 1790 च्या विवाह परवान्यासाठी तिने आपण सज्ञान असल्याची चिठ्ठी दिली आहे आणि पुढच्या वर्षी हेन्री स्पॅरोशी लग्न केलं आहे.

पण लूसी जोसेफच्या मृत्युपत्रात नाही! लुई वॉरन यांच्यासारख्या मेहनती संशोधकानेही लूसीला जोसेफची मुलगी मानलं नाही. ती शिपली घराण्यातून आलेली सून असावी, अशी वेगळी मांडणी त्यांनी केली. माझ्या मते मृत्युपत्रातल्या मौनावर इतका भार टाकणं योग्य नाही. लग्न होऊन गेलेल्या मुलीला तिचा वाटा आधीच दिलेला असे, आणि मृत्युपत्रात नावं येत ती बहुतेक घरात राहिलेल्यांची. 1793 मध्ये लूसी स्पॅरोंची सून होती. 2015 मध्ये आईकडून मुलांकडे जाणाऱ्या डीएनएची तपासणी झाली. लूसीच्या पुढच्या मुलींचे वंशज आणि जोसेफच्या पत्नीच्या इतर मुलींचे वंशज यांच्यात एकच दुर्मीळ मातृवंश आढळला. शिपली मांडणी मागे पडली आणि बार्टन यांचं म्हणणं उचलून धरलं गेलं.

कागदांत न आलेली माणसं

1786 च्या त्या सकाळी शेतात मेलेल्या हल्लेखोराचं नाव कुठल्याही काउंटीच्या वहीत नाही. शॉनी आणि चेरोकी लोकांची शिकारीची भूमी वॉरंटांनी विकली जात होती. वॉरंट विकणाऱ्या कचेरीने त्यांना पक्षकारच मानलं नाही, म्हणून त्यांचा कागदही नाही. गुलाम माणसांची गोष्ट वेगळी. मृत्युपत्रांत आणि मोजदादीत ती पहिल्या नावाने येतात, किमतीसह, गुरांच्या आणि भांड्यांच्या रांगेत. त्यांच्या वंशजांना पूर्वज शोधायचे तर अनेकदा मालकाचं मृत्युपत्र हाच एकमेव धागा उरतो. म्हणून सरहद्दीवरच्या कुठल्याही घराण्याची मृत्युपत्रं उतरवून घेताना ही नावं गाळू नयेत. दुसऱ्या कुणाच्या तरी घराण्याचा तो पहिला पुरावा असतो.

शोध घेणाऱ्यांसाठी

हे कागद पाहायला आता केंटकीला जावं लागत नाही. केंटकीच्या जमीन कचेरीने वॉरंटं, मोजण्या आणि सनदा इंटरनेटवर खुल्या केल्या आहेत. फॅमिलीसर्च या संस्थेने काउंटी दप्तरांची चित्रं मोफत ठेवली आहेत. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत आता तिथल्या जुन्या घराण्यांतल्या सुना आणि जावई आहेत. नातवंडांसाठी त्या बाजूची वंशावळ करायला बसाल तेव्हा आधी काउंटी कधी स्थापन झाली आणि कुठल्या काउंटीतून निघाली ते पाहा. लिंकन यांचं जन्मस्थान त्या वेळी हार्डिन काउंटीत होतं, 1843 पासून ते लारू काउंटीत आहे. मग करपत्रकं वर्षावर्षाने चाळा, त्यानंतर जमिनीची खतं घ्या आणि मृत्युपत्र शेवटी उघडा. त्यातली नावं कुणाची हे तोवर तुम्हाला माहीत झालेलं असेल. आणि मिळालेल्या प्रत्येक नावाखाली कचेरी, पुस्तक आणि पान लिहून ठेवा, म्हणजे तुमच्यानंतर शोध घेणाऱ्याला ते पुन्हा तपासता येईल.